झाड नसलेलं वळण

माझ्या सासऱ्यांच्या खिशात कायम सुतळीचा गुंडा असतो. सगळी हयात गोदामावर पहारेकरी म्हणून गेली, तरी स्वतःला ते माळीच म्हणवतात. मी चादर घातली की हे सुतळी धरून बघणार, ताटल्यांची रांग जरा हलली की कपाळाला आठ्या. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. या माणसाने माझ्या एकाही कामाला कधी ‘बरं आहे’ म्हटलेलं नाही. मलाही ते आवडत नाहीत, आणि हे दोघांनाही ठाऊक आहे.

त्यांचं माळीकाम गेलं ते एका कुंपणापायी. मोठ्या घरच्या मालकीणबाईंनी फाटकापासून कारंज्यापर्यंत झुडपांचं सरळ कुंपण लावायला सांगितलं होतं. वाटेत एक म्हातारं झाड होतं. मुळं तोडली तर ते मरेल म्हणून सासऱ्यांनी कुंपण वळसा घालून नेलं. बाईंनी त्या वळणाचा फोटो काढला, झाड मुद्दाम चौकटीबाहेर ठेवून, आणि त्याच दिवशी त्यांना हाकललं. पुढे ते ज्या बंगल्यात काम मागायला जात, तिथे तो फोटो आधीच पोचलेला असे. याला सरळ रेघ कळत नाही, एवढं सांगणं पुरायचं.

आता ते घर आणि बाग पहिल्यासारखी करून लोकांसाठी उघडली. वसंत लागला तशी सासऱ्यांनी भुणभुण लावली. “एकदा बघायचंय, ते झाड किती वाढलंय. मग कळेल कोण बरोबर होतं.” नवऱ्याने अंग काढून घेतलं आणि हे लचांड माझ्या गळ्यात पडलं.

बाग फुलांनी नुसती लगडली होती. त्यांनी एका फुलाकडे पाहिलं नाही, तडक कुंपण गाठलं. नवी झुडपं, कोवळी पालवी, आणि मधोमध तेच वळण. वळणाच्या पोटात झाड नव्हतं. नुसतं गवत होतं.

शेजारच्या फलकावर तोच फोटो मोठा करून लावलेला. गाइड बाई दहा-बाराजणांना सांगत होती, “हे वळण म्हणजे मालकीणबाईंची कलादृष्टी. सरळ रेषेचा त्यांना कंटाळा होता.”

“इथलं झाड कुठाय?” सासऱ्यांनी विचारलं.

“इथे झाड नव्हतं, काका. फोटोत बघा ना, त्यावरूनच तर सगळं पुन्हा लावलंय.”

कोणीतरी फिसकन हसलं. सासरे सुतळी काढून वाकले, झाडाची जागा मापू लागले.

“हात लावू नका, नाहीतर बाहेर काढावं लागेल.”

“काढलंय एकदा,” ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हे वळण यांनी घातलंय,” मी तिला सुनावलं. “झाड वाचवायला. आणि त्यासाठीच यांना हाकललं तुमच्या बाईंनी.”

ती गोड हसली. “मग छानच की. काकांचं काम आम्ही जसंच्या तसं जपलं.”

सासऱ्यांनी गवतावरून सुतळी उचलली. “झाड नसेल तर हे नुसतं वाकडं काम आहे,” ते म्हणाले. “मालकीणबाईच बरोबर होत्या म्हणायचं.” त्यांनी सुतळी गुंडाळली आणि ते फाटकाकडे चालू लागले.

घरी आल्यावर मी रागारागाने चादर घातली, एक टोक पार जमिनीला टेकलेलं. ते दारात उभे होते. हात खिशाकडे गेला नाही.

“बरं आहे,” ते म्हणाले.

मी चादर ओढून काढली आणि पुन्हा घातली, सरळ. तोवर ते निघून गेले होते.