चार आठवड्यांचे सतरा दिवस

लखनौच्या विकास नगरातल्या हृदयाच्या डॉक्टरने मला फसवलं. मी भाव पाडत गेलो आणि त्याने तो पाडू दिला, ही त्याची फसवणूक. त्यात माझा उजवा हात गेला.

विट्याकडून लखनौला येऊन मी दुसऱ्याच्या भट्टीवर राबलो, मार खाल्ला आणि मग तिथल्या चौक बाजारात स्वतःची गलाई उभी केली. जुने दागिने मुशीत वितळवायचे, शुद्ध सोनं-चांदी काढून द्यायची. या धंद्यात पहिला आकडा कोणी मानत नाही. समोरचा दहा म्हणतो, मी पाच म्हणतो, सातावर दोघं शिव्या देत हात मिळवतो. मी सगळीकडे तसाच वागलो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. एका दलालाने तांबं मिसळलेली चांदी आणली आणि माझ्याच कसोटीला खोटं ठरवलं. मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने मला भट्टीच्या कठड्यावर ढकललं. लोकांनी आम्हाला सोडवलं, पण छातीतली मारामारी थांबेना. पोत्यात बांधलेलं मांजर आतून ओरबाडतं तसं चाललं होतं. चार ठोके एकदम, मग काहीच नाही, मग एक लाथ. तासाभरात बसेल म्हटलं. महिना गेला.

घराजवळच्या डॉक्टरने गॅस ठरवला. त्याच्या पांढऱ्या औषधाची बाटली मी तिसऱ्या आठवड्यात त्याच्याच भिंतीवर फोडली. मग कोणाच्या सांगण्यावरून मोत्याचं भस्म चाटून झालं. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधार यायचा. मूस हातात असताना असं झालं तर, ही एकच भीती होती. भट्टी माझ्या हातावर चालत होती.

तेव्हा त्या हृदयाच्या डॉक्टरकडे गेलो. माझ्याच वयाचा, हळू बोलणारा, नर्सिंग होम नुकतंच सुरू केलेला. त्याने ईसीजीची पट्टी काढली आणि नीट समजावलं. हृदयाचा वरचा भाग ठोके द्यायच्या ऐवजी नुसता थरथरतोय. गोळ्यांनी जागेवर आला नाही तर विजेचा झटका द्यावा लागेल. पण थरथरत्या हृदयात रक्त साचून गुठळी होते. झटक्यानंतर ती सुटली तर थेट मेंदूत जाते. म्हणून आधी चार आठवडे रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि दर आठवड्याला तपासणी. हे सगळं त्याने सांगितलं होतं, हे मी नाकारत नाही.

साध्या गोळ्यांनी काही झालं नाही. झटका ठरला तेव्हा धनतेरस तीन आठवड्यांवर आली होती. वर्षाचं निम्मं काम त्या दिवसांत असतं. मी म्हटलं, दोन आठवड्यांत करा. तो हसला. "ये सब्ज़ी मंडी नहीं है, भाईसाहब."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "अहो, दवाखान्यात तरी घासाघीस नको."

रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्यावर पंधराव्या दिवशी गावाहून आलेलं पार्सल सोडवायला चारबाग स्टेशनला गेलो. एका ऑटोवाल्याने चाक माझ्या पायावरून नेलं आणि वर मलाच आंधळा म्हणाला. मी त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं, दोन ठेवून दिल्या. त्याने हातातल्या कुलपाने माझा ओठ फाडला. ते रक्त थांबेचना. दोन टॉवेल भिजले, रात्रीचा भात लाल झाला.

दुसऱ्या दिवशी तो सुजलेला ओठ घेऊन मी डॉक्टरपुढे बसलो. माल हातात असला की भाव करता येतो.

"ख़ून रुक नहीं रहा, डॉक्टरसाहब. और कितना पतला करोगे?"

त्याने आठवड्याची तपासणी पाहिली. रक्त हवं तेवढं पातळ नाही, एका ओठावरून ठरत नाही, अजून दहा-बारा दिवस तरी जाऊ द्या, असं म्हणाला.

मी उठलो. "तो रहने दो. दूसरे से करवा लूँगा."

गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं की दुकानदाराचा चेहरा कसा होतो, ते मला माहीत आहे. त्याचा तसाच झाला. पेनचं टोपण दोनदा उघडलं, दोनदा लावलं.

"अच्छा, कल सुबह ख़ाली पेट आ जाइए."

बाहेर येऊन मी बायकोला म्हटलं, "पाडला."

सतराव्या दिवशी झटका दिला. शुद्धीवर आलो तेव्हा छातीवर भाजल्याचे दोन लाल डाग होते, घोड्याने लाथ घातल्यासारखं अंग ठणकत होतं, आणि आत सोनाराच्या हातोडीसारखे एकसारखे ठोके पडत होते. मी रडलो.

धनतेरसच्या आदल्या दिवशी चांदी ओतताना उजव्या हाताची बोटं आपोआप उघडली. चिमटा सुटला. मूस ओल्या फरशीवर आदळली आणि चांदी उसळली. पायाची कातडी जळाल्याचा वास आला. शिवी द्यायला गेलो तर जीभ वळेना. कारागिराने काखेत हात घालून मला ओढून काढलं. मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं, हृदयातली गुठळी मेंदूत अडकली.

जीभ काही महिन्यांनी परत आली. हात आला नाही.

चालता येऊ लागल्यावर मी विकास नगरातल्या त्या डॉक्टरकडे गेलो, बायको बरोबर होती. तो म्हणाला, "दिन तो आप ही ने कम करवाए थे." मी डाव्या हाताने मारलं. चष्मा फुटला, नाकातून रक्त आलं. त्याच्या दोघा माणसांनी मला जिन्यावरून खाली फेकलं आणि बरगड्यांत लाथा घातल्या. रिक्षात बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही तरी का मागितले दिवस?"

मी गिऱ्हाईक होतो, म्हणून मागितले. माझ्या भट्टीवर सराफ रोज बोंबलतात, लवकर ओत, लवकर ओत. चांदी कच्ची असेल तर त्यांच्या बापालाही मी ओतून देत नाही. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. एवढं मला, शाळा अर्धवट सोडलेल्याला, कळतं.

त्याला मराठी येत नाही. कोणीतरी हे त्याला हिंदीत वाचून दाखवा आणि विचारा: रक्त तयार नाही हे तुझ्या हातातल्या कागदावर लिहिलेलं होतं, मग मला जाऊ का दिलं नाहीस? 'आप ही ने' हे उत्तर चालणार नाही. दुसरं उत्तर आणून द्या.