पापांगीकारातलं ‘आम्ही’

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी सगळी मंडळी एका सुरात पापांगीकार म्हणायची, ‘आम्ही पाप केले आहे.’ पप्पा तेवढे ‘मी’ म्हणायचे. शेजारी बसून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

झालं होतं असं. सातपूरच्या कारखान्यात पप्पांनी मशीन चुकीचं लावलं, सगळा माल भंगारात गेला. साहेबांनी विचारलं तेव्हा पप्पांनी शेजारच्या मशीनवरच्या आपल्या मित्राकडे बोट दाखवलं. त्याची नोकरी गेली, बिऱ्हाड सिन्नरला हललं. तेव्हापासून पप्पा प्रभुभोजनाला उठेनात. लोक पुढे जाऊन भाकर घ्यायचे, हे आपले शेवटच्या बाकावर.

“ख्रिस्तानं तुमचं पाप वाहिलंय, या की पुढे,” पाळकसाहेब म्हणायचे.

“आधी दुखावलेल्या भावाशी समेट कर, मग देवापुढे ये, असं तुम्हीच शिकवता ना?” पप्पा म्हणायचे.

“मग जा ना सिन्नरला!” आई कडाडायची. दोनदा एसटी स्टँडवरून परत आले. भित्रा माणूस! मला भयंकर राग यायचा त्यांचा.

मी दहावीत असताना एका दुपारी तो मित्र स्वतःच दारात उभा राहिला. पप्पा रातपाळी करून झोपले होते.

“पोरी, पप्पांना सांग, मला सगळं माहीत हाय. माझ्या मनात काय नाय. एकदा भेटून जा म्हणावं.”

“पप्पा घरी नाहीत,” मी म्हणाले.

आतून घोरणं ऐकू येत होतं. त्यालाही आलंच असणार. “बरं,” म्हणाला आणि पाणीसुद्धा न घेता गेला.

निरोप मी सांगितला नाही. पप्पा उठून थेट साहेबांकडे कबुली देतील, नोकरी जाईल, माझी शाळा सुटेल, ही धास्ती. उद्या सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. पप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा पाळकसाहेब भाकर घेऊन घरी आले. पप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी उशाशीच उभी होते, तरी तो निरोप न सांगता त्यांचं पांघरूण सारखं करत राहिले. त्याच आठवड्यात ते गेले. पुढे सिन्नरचा मित्रही गेल्याचं कळलं.

आता शेवटच्या बाकावर मी बसते. परवा नवे पाळक म्हणाले, “बाई, या की पुढे, भाकर सगळ्यांसाठी आहे.”

पप्पांसाठीही होती. दहावीतल्या त्या दुपारी ती सिन्नरहून आमच्या दारापर्यंत चालत आली होती, आणि मी तिला परत पाठवलं.