ताईनं बसवलेला उतार

मी शाळा सोडली तेव्हा घरात झाला नाही एवढा तमाशा ताईनं ऑफिसातली नोकरी सोडली तेव्हा झाला. आणि गेली कुठे, तर स्कीच्या उतारावर. आमच्याकडे बर्फाचा पत्ता नाही, म्हणून टेकडीवर प्लास्टिकच्या चटया अंथरल्यात, दात वर केलेल्या ब्रशसारख्या. त्यांच्यावर पाणी मारतात आणि लोक पायांना लांब पट्ट्या बांधून खाली घसरतात. त्या चटया माझी ताई बसवते. झिजलेली उपटायची, नवी ठोकायची, सांधा जुळवायचा. सगळं गुडघ्यांवर.

बाबा फरश्या बसवतात. त्यांचा जन्म गुडघ्यांवर गेला, म्हणून पोरीनं खुर्चीत बसावं एवढीच त्यांची इच्छा. ती मोडली. तेव्हापासून कुणी विचारलं की सांगायचे, "मैदान झाडते." ताई गप्प बसायची. मी नाही बसायचो, आणि शिव्या खायचो.

एकदा जेवताना ताई म्हणाली, "रविवारी सगळ्यांनी उतारावर यायचं. मी साहेबांना विचारलंय."

"मी आणि स्की?" आत्या म्हणाली. "माझे गुडघे बसल्या जागी कुरकुरतात."

"तुला हवा भरलेलं चाक देतील. त्यात बसायचं आणि खाली यायचं."

"आणि थांबायचं कसं?"

"तू बोलताना थांबतेस तसंच," मी म्हणालो. "दम संपला की."

आत्यानं पोळी फेकून मारली. नेम चुकला. माझा असता तर चुकला नसता.

आई मात्र पट्ट्याच बांधणार म्हणाली. ताईनं बुटांचा नंबर आणि वजन विचारलं. "वजन खरं सांग हं आई. पडलीस तर पायातली पट्टी सुटायला हवी, तिची सुटायची कळ वजन बघून लावतात."

"पंचावन्न."

"वहिनी," आत्या म्हणाली, "पंचावन्न तू लग्नात होतीस. पाय मोडून घ्यायचाय का?"

आईनं खरा आकडा ताईच्या कानात सांगितला. ताईचा चेहरा बघून आम्हाला कळायचं ते कळलं.

"लांब बाह्यांचे कपडे घाला," ताई म्हणाली. "हातमोजे तिथे मिळतील. आणि पडताना मुठी आवळा. नाहीतर अंगठा चटईच्या दातांमधल्या जाळीत अडकतो."

इतका वेळ ताटात डोकं घालून बसलेले बाबा एकदम म्हणाले, "सांधे समोरासमोर घेता?"

"नाही. विटांसारखे, तोडून. एका रेषेत आले की पट्टी आत शिरते."

"सुरुवात वरून?"

"खालून. वरची चटई खालचीवर चढवायची. म्हणजे घसरणाऱ्याला धार आडवी येत नाही."

"हं," बाबा म्हणाले. मग ताट बाजूला सारत, "येतो. पण मी पिशव्या सांभाळणार."

रात्रीची भांडी घासताना ताई मला म्हणाली, "एकदा हात लावून बघू देत त्यांना. मग झाडूवाली म्हटलं तरी चालेल." चालणार नव्हतं. तिच्या हातातलं एकच भांडं कधीपासून घासलं जात होतं.

रविवारी बाबांनी पिशव्या माझ्या गळ्यात घातल्या आणि उताराच्या कडेनं उकिडवे बसत वर निघाले. प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवत. वरून एकजण ओरडला, "काका, बाजूला व्हा!" काका कुठले ऐकतायत. ताई त्यांच्या मागे, ओठ चावत.

"ही वर आलीय," बाबा म्हणाले.

"ती जुनी आहे. उद्या काढणार."

पुढे सरकले. "आणि ही?"

"ही माझी."

बाबांनी त्या सांध्यावरून अंगठा नेला, परत आणला. मग डोळे मिटून पुन्हा नेला. फरशी ग्राहकाच्या ताब्यात द्यायच्या आधी ते असंच करतात. उठले, मागून येणाऱ्या आत्याच्या हातातलं चाक ओढून घेतलं, "तू नंतर ये," म्हणाले आणि टोकापर्यंत चढले.

खाली आले ते बोंबलत, मुठी आवळून. आईला हसताना उभं राहता येईना.

बाबा चाकातून उठतायत तोवर एक माणूस पोरांना घेऊन चिखलाच्या बुटांनी सरळ चटईवर चढला. बाबांचा फरशीवाला आवाज अख्ख्या टेकडीवर गेला, "ओ साहेब! बूट पुसा आधी! माझ्या पोरीनं बसवलंय हे!"

त्यानं निमूट पुसले. पोरांचेही पुसले.