पहिला गट

माझ्या वहिनीला सगळं गाव उद्याबाई म्हणायचं. नगरपालिकेच्या सभेत ती उभी राहिली की पहिला शब्द ठरलेला. उद्या डिझेल कमी आलं तर पाण्याचे पंप कशावर चालवणार? उद्या कचऱ्याची गाडी कोण ओढणार? ती शाळेत भूगोल शिकवायची आणि आमच्या टेकडीवरच्या वॉर्डातून निवडून आली होती.

नगराध्यक्षांचा बर्फाचा कारखाना होता आणि बोलणंही तसंच गार. "बाई, जगातलं तेल संपेपर्यंत आपण असणार आहोत का?"

"संपायची गरज नाही, कमी झालं तरी पुरे. मोठी शहरं आधी आपलं भरून घेतील. आपल्या वाट्याला तळाचं."

"मग उद्याचं उद्या बघू," ते म्हणाले आणि सभा पोट धरून हसली.

तरीही तिने योजना केली. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ती सांगायची आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, लिहायचा, कारण तिचं अक्षर तिलाच लागत नसे. पहिल्या गटाला डिझेल काही झालं तरी मिळायचं: पाण्याचे पंप, आगीचा बंब, अपघाताची रुग्णवाहिका, शववाहिनी. दुसऱ्या गटाला उरलं तर: बस, साहेबांच्या गाड्या आणि ठरलेल्या दिवशी रुग्णांना मोठ्या दवाखान्यात नेणारी व्हॅन.

"मेलेला वर आणि जिवंत खाली?" दादाने विचारलं.

"प्रेत थांबत नाही. आजाऱ्याला तारीख आधी माहीत असते, तो काहीतरी सोय करतो."

"बघा वन्सं, हिच्या राज्यात मेल्याशिवाय किंमत नाही," दादा मला तिच्याच आवाजात म्हणाला. आम्ही तिघंही हसलो. तेव्हा त्याची मूत्रपिंडं धडधाकट होती.

पुढे ती निकामी झाली. रक्त शुद्ध करून घ्यायला तो आठवड्यातून दोनदा त्याच व्हॅनने शेजारच्या शहरात जाऊ लागला. आणि मग तेलाचे टँकर खरोखरच कमी झाले. ज्या कागदांवर नगराध्यक्ष इतकी वर्षं चहाचा कप ठेवत होते, ते त्यांनी झटकून सभेपुढे आणले. मी प्रेक्षकांच्या बाकावर होते.

"योजना उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त एक ओळ बदलू. तुमच्या यजमानांची व्हॅन पहिल्या गटात घेऊ. त्याच ओळीत अध्यक्षांची गाडी आणि बर्फाचा कारखानाही बसेल. माणुसकी म्हणून."

वहिनी उभी राहिली. या वेळी 'उद्या' म्हणाली नाही. "कारखाना बसला की पंपांना तेल पुरणार नाही. व्हॅन एकटी घ्या."

"एकटी कशी घेणार? उद्या प्रत्येक जण आपापलं माणूस घेऊन येईल. तुम्हीच शिकवलंत ना, अपवाद नको?"

"मग नको," ती म्हणाली आणि खाली बसली. कुणी हसलं नाही. मला ते जास्त लागलं.

व्हॅन बंद झाली. योजनेप्रमाणे नगरपालिकेने कचऱ्यासाठी हातगाड्या घेतल्या होत्या; त्यातली एक वहिनीने मागून आणली आणि धुऊन काढली. दादाला इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर छत्री देऊन त्यात बसवायची आणि उतारावरून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायची. तिथे एखादा ट्रक थांबला तर पुढे, नाही तर परत, चढाने. कोपऱ्यावरचा न्हावी दुकानाच्या दारातून विचारायचा, "उद्याबाई, आज ओला कचरा की सुका?" गिऱ्हाईकं साबणाच्या फेसातून हसायची. दादाही हसायचा. त्याला वाटायचं, आपण हसलो की तिला कमी लागेल.

मग तो जाईनासा झाला. "आज नको. उद्या जाऊ." पाय सुजले, बूट चढेनात, तरी तेच.

एका दुपारी ती बटाटे सोलत असताना मी बोलले. "वहिनी, एका ओळीचा तर प्रश्न होता."

"त्या ओळीत कारखाना होता, वन्सं."

"आणि माझा भाऊ नव्हता?"

"होते," ती म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला.

दादा गेला त्या सकाळी शववाहिनी ताबडतोब दारात आली, टाकी भरलेली. त्याला आत ठेवल्यावर ड्रायव्हर वहिनीला म्हणाला, "पुढे बसा, बाई. चालत नाही जायचं." ती जागची हलेना. डिझेल आहे का, असं तिने त्याला विचारलं.

"हिला नेहमीच असतं. पहिला गट ना."

वाटेत न्हाव्याच्या दुकानापाशी गाडी जरा हळू झाली. न्हाव्याने हातातला वस्तरा खाली ठेवला आणि मान खाली घातली. मागच्या मोरीत त्याचा नळ वाहत होता. आजूबाजूच्या गावांतली माणसं त्या वर्षी बादल्या घेऊन रांगेत उभी होती. आमच्या नळांना पाण्याचा खंड पडला नाही.

परत आल्यावर मी त्याच पाण्याने आंघोळ केली. वहिनीशी बोलले नाही. अजूनही बोलत नाही.