उंदरांच्या गाठी तपासणारी वहिनी

नणंद तिला वहिनी म्हणायची, म्हणून गल्लीही वहिनीच म्हणू लागली. नोकरी प्रयोगशाळेत, काम उंदरांचं. खाद्यपदार्थ टिकावेत म्हणून घालतात त्या एका रसायनाने कर्करोग होतो का, हे तिथे तपासत होते. काही उंदरांच्या खाण्यात ते मिसळायचं, काहींच्या नाही, आणि उंदीर म्हातारे होईपर्यंत दोन्ही गटांवर लक्ष ठेवायचं. एकेकाला हातात घेऊन कुठे गाठ लागते का, हे वहिनी चाचपून बघायची. घरी सासूबाई तिला कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसत.

एका रविवारी नणंदेचा खांदा आखडला. वहिनी मलम चोळत होती. काखेपाशी तिची बोटं थबकली.

"गुदगुल्या करतेस की काय गं?"

"हात वर कर. इथे दुखतं?"

"छे!"

"उद्या डॉक्टरकडे जायचं."

"मी काय तुझा उंदीर आहे?"

"असतीस तर बरं झालं असतं. निमूट ऐकलं तरी असतंस."

आढेवेढे घेत का होईना, नणंद गेली. निदान कर्करोगाचंच झालं, पण वेळेत. शस्त्रक्रिया ठरली.

सासूबाईंची अन्नावरची वासनाच उडाली. "लहानपणी रडली की मी तिच्या हातात रंगीत गोळ्या द्यायचे, बाटलीतलं सरबत द्यायचे. तू तेच तपासतेस ना? खरं सांग, माझ्यामुळे झालं?"

नुसतं 'नाही' म्हणून मोकळं होणं वहिनीला जमेना. ती त्यांच्याजवळ बसली.

"आई, ज्या उंदरांना आम्ही साधं, चांगलं खाणं देतो, त्यांनाही म्हातारपणी गाठी येतात. म्हणून तर दोन्हीकडचे खूप उंदीर ताडून बघावे लागतात. एकाकडे बोट दाखवून 'हे खाल्लं म्हणून झालं' असं आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनाही सांगता येत नाही. मग तुम्ही स्वतःला का फासावर चढवताय?"

सासूबाईंनी डोळे पुसले. "तिला भूक लागली असेल," म्हणत उठल्या.

पुढे उपचार लांबले, केस गेले, पुन्हा आले. नणंद कामावर रुजू झाली.

त्याच सुमारास प्रयोग संपला. शेवटी अवयव तपासायचे असतात, त्यामुळे उंदीर मारावे लागतात. बिथरू नयेत म्हणून त्या दिवशी वहिनीनेच त्यांना धरलं. निकाल यायला अजून अवकाश होता. संध्याकाळी ती लाल डोळ्यांनी घरी आली. नणंदेने तिला चहा दिला आणि तिला खेटून बसली.