बसायची नोकरी

पोलीस ठाण्यातली सगळ्यांत सोपी नोकरी काकूंची, असं तिथले सगळे म्हणायचे. एखादी बाई कोठडीत आली की काकूंना बोलावणं जायचं. तिला न्यायालयात नेईपर्यंत काकूंनी तिच्याजवळ बसायचं, जेवण-पाणी द्यायचं आणि चौकशी चालू असेल तेव्हा त्याच खोलीत हजर राहायचं. दुसरी बाई समोर असल्याशिवाय बाईमाणसाची चौकशी करायची नाही, असा कायदा आहे. कायद्यातली ती दुसरी बाई म्हणजे आपल्या काकू.

"काकू, बसल्या बसल्या पगार खाता हो," म्हातारा हवालदार चिडवायचा.

"तुम्ही बसून दाखवा तोंड मिटून. घटकाभरात पोट फुगेल तुमचं."

बसताना हाताला चाळा म्हणून त्या शेजारच्या शिंप्याचे सदरे आणायच्या आणि काज करत राहायच्या. नोकरीला लागल्या तेव्हा ठाण्यावर एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी एवढंच शिकवलं होतं, "तुम्ही काही करायचं नाही, काकू. फक्त कोणी सांगितलं म्हणून उठायचं नाही." काकूंनी ते देवाच्या नावासारखं जपलं. बसण्याआधी डोळे मिटून हात जोडायच्या आणि मग बसायच्या.

नवे साहेब आले आणि ठाणं शांत झालं. आधीचे साहेब ओरडायचे तेव्हा रस्त्यावरचे लोक मान वळवून बघायचे. हे कधी आवाज चढवत नसत. शिपायालासुद्धा "जरा पाणी देता का?" म्हणायचे. पण आल्या आल्या त्यांनी चौकशीच्या खोलीतलं लोखंडी कपाट हलवून पलीकडच्या भिंतीला लावायला सांगितलं. त्या भिंतीवर पाटी होती. अटक झालेल्याला मारायचं नाही, घरच्यांना कळवायचं, वकील भेटू द्यायचा, डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, असं सगळं तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. आता कपाटाच्या वर पाटीची तेवढी कडा दिसायची.

"खोली कशी मोकळी झाली," साहेब म्हणाले.

एके दिवशी दुपारी एका मुलीला आणलं. एका बड्या घरी ती अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची देखभाल करायची. त्या घरातल्या बांगड्या गेल्या होत्या. मुलगी एकच सांगत होती, "मी नाही घेतल्या." साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पेनाला टोपण लावलं, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या नीट घडी घालून कोपरापर्यंत दुमडल्या आणि काकूंकडे बघून हसले.

"दिवेलागण झाली, काकू. निघा आता. सूनबाई वाट बघत असतील."

"बदलीची बाई आली की निघते, साहेब."

"ती वाटेतच आहे."

"मग ती पोचेपर्यंत बसते."

हवालदार दारात उभा होता. एरवी इतक्यात त्याने काहीतरी कोटी केली असती. तो खाली फरशीकडे बघत राहिला.

"मुलगा तुमचा बाजारात फळांची गाडी लावतो ना?" साहेबांनी विचारलं. "मोक्याची जागा आहे. परवान्याचं कोणी विचारत नाही वाटतं?"

सुई काकूंच्या बोटात गेली. "चालतंय कसंतरी," त्या म्हणाल्या आणि बोट तोंडात घातलं. मुलीने त्यांच्या बाहीचं टोक घट्ट धरलं होतं.

थोड्या वेळाने बदलीची पोरगी आली. कडक इस्त्रीचा गणवेश, नवे कोरे बूट. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"या काकू तुम्ही. मी आहे."

"आहेस तर आत ये की. इथे बस."

"मला बाहेर थांबायला सांगितलंय."

"बाहेरून तुला काय दिसणार, बाळा? दार तर लावून घेतील."

पोरीने आवाज अगदी खाली आणला. "माझी नोकरी अजून कच्ची आहे, काकू."

काकूंना तिचा राग आला नाही. त्यांनी दोऱ्याची गाठ मारली आणि साहेबांना म्हणाल्या, "बदलीची आत येत नाही म्हणते. म्हणजे माझी बदली काही झाली नाही."

साहेबांनी दुमडलेल्या बाह्या सावकाश सोडल्या, एक एक बटण लावलं.

"बसा," ते म्हणाले. "उद्या बघू."

सकाळपर्यंत काकू तिथून हलल्या नाहीत.

न्यायालयात मुलीच्या बाजूने वकील नव्हता. न्यायाधीशांनी विचारलं, "ठाण्यात काही त्रास झाला का?" मुलगी "नाही" म्हणाली, आणि ते खरंच होतं. साहेबांनी अदबीने सांगितलं, बांगड्या अजून मिळायच्या आहेत, चौकशी अपुरी राहिली. आणखी तीन दिवसांची कोठडी मिळाली.

व्हरांड्यात हवालदाराने काकूंना गाठलं. "आजपासून तुम्हाला येऊ नका म्हणून सांगितलंय. ती नवीन पोरगी असेल."

"असेल कुठे? दाराबाहेर?"

जाता जाता तो एवढंच म्हणाला, "आणि मुलाला सांगा, आज गाडी लावू नको म्हणावं."

ठाण्याची गाडी निघाली. नवीन पोरगी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. मागच्या जाळीतून मुलगी गर्दीत कोणाला तरी शोधत होती. कोणाला, ते काकूंना ठाऊक होतं. त्यांनी हात वर केला, पण तोवर गाडी वळली होती.

मुलीची आई पायऱ्यांवर नुसती उभी होती. काकूंनी तिचा दंड धरला.

"रडायला पुढे वेळ आहे. आधी वकील गाठायचा. मुलीची भेट मागायची आणि डॉक्टरी तपासणी मागायची. आज मागायची, उद्या पुन्हा मागायची."

"देतील का ते?"

"द्यावी लागते," काकू म्हणाल्या. पाटीवरचा शब्द न् शब्द त्यांना पाठ होता. पण मागायला कोणी आल्याचं मात्र इतक्या वर्षांत त्यांनी पाहिलं नव्हतं. ते त्यांनी आईला सांगितलं नाही.

न्यायालयामागच्या गल्लीत वकिलाचं दार बंद होतं. काकूंनी कडी वाजवली. आतून कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली, या खेपेला जोरात.