छताचं ऐकणारे भाऊजी

वणीत असं एकही छत उरलं नसेल, ज्याची तब्येत आमच्या भाऊजींनी काठीनं ठोकून विचारली नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान भूमिगत कोळसाखाणीत इंजिनिअर. तिथे माणसं आत जाण्याआधी डोक्यावरचा दगड काठीनं ठोकतात. खणखणीत वाजला तर ठीक, भद्द वाजला तर मागे फिरायचं. ही रीत खाणीपुरती आहे, हे मात्र भाऊजींना कुणी सांगितलेलं नाही. ताईला बघायला आले तेव्हा ताईआधी त्यांनी आमच्या बैठकीचं छत पाहिलं. पोहे निवले, बाबांचा चेहरा उतरला. शेवटी "छत पास हाये" म्हणून ते बसले आणि लग्न जमलं. लग्नातही अंतरपाटाआडून त्यांची नजर मांडवाच्या लाकडी बल्लीवर. मंगलाष्टकं थांबवून त्यांनी तिची सुतळी आवळून घेतली. वऱ्हाडी हसून हसून बेजार झाले. ताई अजून हसलेली नाही.

यंदा दसऱ्याच्या जरा आधी एका पाळीत छत भद्द वाजलं आणि भाऊजींनी सगळ्यांना बाहेर काढलं. कोळसा कमी पडणार म्हणून मोठे साहेब तणतणत आले. "छत रोज तुमच्याशीच बोलते, आमच्याशी काहून नाही बोलत?"

"तुमी कधी त्याले विचारलं काय, साहेब?"

गप्प बसणं भाऊजींच्या कुंडलीतच नाही. साहेबांनी त्यांना तिथल्या तिथे खाणीतून काढून वर गोदामात खिळे-बोल्ट सांभाळायला बसवलं. आता माणसं पुन्हा आत पाठवणार, तोच छत खाली आलं. जागा रिकामी होती, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आणि गंमत बघा, कुणाला काही झालं नाही म्हणजे काही झालंच नाही, असं ठरलं! सुरक्षेच्या समारंभात शाल-श्रीफळ साहेबांना मिळालं. भाऊजी आपले टाळ्या वाजवताहेत. शेजारी बसून माझा जळफळाट चाललेला.

"तुमाले काहीच वाटत नाही, भाऊजी?"

"वाटते ना. स्टेजची डावी बाजू लचकून राह्यली."

दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला ताईकडे गेलो, तर दारात ही गर्दी! त्या पाळीतले सगळे बायकापोरांसह आपट्याची पानं घेऊन उभे. देवाला सोनं दिलं की आधी घरातल्या थोरांना द्यायचं, अशी आपली पद्धत.

"देवाले देऊन सरळ इकडंच आलो, साहेब," एक मिशाळ गडी म्हणाला. "घरच्या म्हाताऱ्याले मंग देतो. त्यानंच धाडलं."

"एकेक जण चढा रे, ओटा जुना हाये!" भाऊजी ओरडले.

पानं हातात ठेवून तो गडी हळूच म्हणाला, "पण आता आमचं छत कोन ऐकन?"

भाऊजी आत गेले, कोपऱ्यातली काठी आणून त्याच्या हाती दिली. "भद्द वाजलं त आधी बाहेर या. साहेबाले मंग सांगा."

गोदामातून त्यांना अजून कुणी परत बोलावलेलं नाही. परवा ते आमच्याकडे जेवायला आले आणि वर न बघताच पाटाकडे वळले. मला ते बघवेना. मी जाळी काढायची काठी आणून त्यांच्यापुढे धरली.

"भाऊजी, छत जरा ऐकून घ्या न. लेकरं बसतीन खाली."

त्यांनी ठोकलं, कान दिला, पुन्हा ठोकलं. वरण निवलं.

"पक्कं हाये," ते म्हणाले. "बसा."

तोवर आम्ही सगळे उभेच होतो.